सोबत इसम एक

आख्ख्या मावळ तालुक्यात माझ्या ताईच्या सासऱ्यांइतक्या गाड्या कुणी चालवल्या नसतील, आणि त्यातली एकही त्यांनी पुढे चालवलेली नाही. हे मी कौतुकाच्या भरात फुगवून सांगत नाही. जीप, टेंपो, दुधाच्या गाड्या, फुलांनी मढवलेल्या नवरदेवाच्या मोटारी आणि ज्यांची नावं मला अजून नीट उच्चारता येत नाहीत अशी पुण्या-मुंबईची धुडं, सगळी त्यांच्या हाताखालून गेली, पण सगळी पाठमोरी. एका खेपेला वीसेक पावलं, तीही मागं. त्यांच्याकडे लायसन नाही. कुणी विचारलंच तर ते शांतपणे सांगत, "लायसन फुडं जाणाऱ्याला लागतं. मी कुटं जातो?" मी तळेगावात शाळेत भूगोल शिकवतो. मला स्वतःला गाडी मागं घेता येत नाही, ही बातमी माझ्या बायकोनं दोन्हीकडच्या नातेवाइकांत पुरेशी पसरवलेली आहे, त्यामुळे ताईच्या सासऱ्यांबद्दल मला जो आदर वाटतो त्यात थोडी असूयाही आहे हे आधीच कबूल केलेलं बरं. त्यांना सगळे आबा म्हणतात. मीही म्हणतो.

हे असं का, ते कळायला आधी तराफा कळला पाहिजे. लोणावळ्याच्या डोंगरांमागं धरणाचं पाणी पसरलंय. ते आलं तेव्हा जुना रस्ता पाण्याखाली गेला आणि ताईचं सासर अल्याड, तर चार वाड्या पल्याड राहिल्या. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस मोडतो, पाण्यावरून वीस मिनिटं लागतात. पल्याड रस्त्याचं काम घेतलेल्या एका कंत्राटदारानं आपली यंत्रं न्यायला कोकणातल्या कुठल्याशा खाडीवरून गाड्या नेणारी एक म्हातारी फेरीबोट विकत घेतली, तिचे मधोमध दोन तुकडे केले आणि दोन ट्रेलरवर टाकून ती घाट चढवून आणली. बोटीच्या दोन्ही टोकांना गाड्या चढाय-उतरायला फाळके होते, ट्रकला मागं असतो तसेच, पण मोठे. काठावर जोडताना वेल्डरनं एक तुकडा उलटा जोडला. एक फाळका जागेवर राहिला आणि दुसरा बोटीच्या पोटात गेला. वेल्डर जेवून आल्यावर ही गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली. कंत्राटदार म्हणाला, असू दे, पाण्याला काय कळतंय. त्या दिवसापासून तिला बोट म्हणायची कुणाची छाती झाली नाही, ती तराफाच झाली. चार गाड्या, तीसेक माणसं, दोन इंजिनं आणि दार मात्र एक. दार एकच म्हटल्यावर गाडी सरळ आत घातली तर पल्याड चढावर, चिखलात ती उलटी काढावी लागणार. म्हणून चढताना उलटी आणि उतरताना सुलटी, हा नियम आबांनी घातला. ते तेव्हा कंत्राटदाराकडे दोर धरायच्या कामाला होते. जीपच्या ड्रायव्हरनं त्यांना मागं घ्यायला शिकवलं, आणि पुढचं शिकवायच्या आत तो नोकरी सोडून गेला.

गाडी काठावर आली की आबा आधी तिच्याभोवती एक फेरी मारत, बैल विकत घेताना मारतात तशी. मग मालकाकडे हात पुढे करत. "चावी द्या, उतरा, आन माझ्याकडं बघू नका." ज्या माणसानं आपल्या सख्ख्या भावाला कधी गाडी दिली नसेल तो मुकाट्यानं चावी देई, कारण समोर लोखंडी फाळका, खाली काळं पाणी आणि दोन्ही बाजूला वीतभर जागा. आबा टोपी जराशी मागं सारत, डावा हात शेजारच्या सीटवर टाकत, मान अशी वळवत की ती मुळात तशीच बसवलेली असावी, आणि गाडी एका दमात आत. आतल्या त्या पोटातल्या फाळक्याचा उंचवटा आला की गाडी एकदा उचकी दिल्यासारखी उडे आणि थांबे. मालकाला श्वास सोडायची आठवण तेव्हा होई. एकदा ताईचे दिवस भरलेले, भाऊजी सुदुंबऱ्याला कारखान्यात पाळीवर, दारात गाडी उभी आणि चालवणारं कुणी नाही. आबांनी सुनेला आणि बायकोला मागं बसवलं आणि तीन किलोमीटर सरकारी दवाखान्यापर्यंत गाडी रिव्हर्समध्ये नेली. मान मागं वळवलेली, त्यामुळे सबंध रस्ताभर सासरा आणि सून समोरासमोर. ताई सांगते, एकदा मी कळ आली म्हणून ओरडले, तर मामंजी संकोचानं म्हणाले, "पोरी, तू वरड खुशाल, मी तुझ्याकडं बघत न्हाई, रस्त्याकडं बघतोय." वाटेत एका पोलिसानं हात केला होता, पण गाडी जातेय की येतेय हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्यानं हात खाली घेतला.

गाड्यांची सोय लागली की माणसांची पाळी. तराफा समतोल राहावा म्हणून ते प्रत्येकाला नजरेनं तोलत आणि जागा नेमून देत. तुमी डावीकडं, तुमी उजवीकडं, मास्तर तुमी मधी उभं ऱ्हावा, तुमचा काय भरवसा न्हाई. नव्या जोडप्यांना ते हमखास दोन टोकांना बसवत, कारण दोघं एका बाजूला बसली की बाकीचेही तिकडेच बघायला सरकतात, असा त्यांचा अनुभव. त्यांच्या या तराजूला फक्त एका बाईनं जुमानलं नाही, ती म्हणजे आमची आई. पहिल्यांदा आम्ही ताईच्या नणंदेकडे पल्याड निघालो तेव्हा आबांनी अदबीनं विचारलं, "इहीणबाई, वजन काय आसंल?" आई म्हणाली, "ते आमच्या ह्यांनी कधी विचारलं नाही, तुम्ही कशाला विचारता?" आबा ओशाळले आणि तिला मधल्या बाकावर बसवलं. आईला पाण्याची भयंकर भीती. ती बसल्या बसल्या डोळे घट्ट मिटून घेई आणि दर मिनिटाला विचारी, "आलं का हो?" आबा सुकाणूवरून तितक्याच नेमानं उत्तर देत, "आलं की सांगतो." असं जाताना वीस वेळा, येताना वीस वेळा. इतकी वर्षं आई त्या पाण्यावरून ये-जा करत होती, पण ते कसं दिसतं हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता खरी गोष्ट सांगतो, ती म्हणजे मोजणी. आबांना पोहता येत नाही. सबंध हयात पाण्यावर काढलेल्या माणसाला पोहता येत नाही याचं आम्हाला फार नवल वाटे. ते म्हणत, "पाण्यावर काम करणाऱ्यानं पाण्यात कशाला जायचं?" पण आतून त्यांना पाण्याचं भय होतं, आणि त्या भयावर त्यांनी एकच उतारा शोधलेला होता. फाळक्यावरून चढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खांद्याला ते बोट लावत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. शेळ्या वेगळ्या, माणसं वेगळी, गरोदर बाई दीड. पल्याड फाळका पडला की पुन्हा खांद्याला बोट आणि पुन्हा आकडा. दोन्ही आकडे जुळले की एक लांब सुस्कारा सोडत आणि स्वतःशीच म्हणत, "उतरलं समदं." स्वतःला ते मोजत नसत. नव्या नवलाईच्या दिवसांत त्यांच्या बायकोनं त्यांना हे काम सोडा म्हणून धोशा लावला होता, तेव्हा त्यांनी तिला सांगितलेलं, की ज्या दिवशी माझी मोजणी चुकंल त्या दिवशी मी तराफ्यावरनं उतरन, फुडं एक खेप करनार न्हाई. बिचारी वाट बघत बघत गेली, पण मोजणी काही चुकली नाही. नंतर ताई वाट बघू लागली. आबांचं वय वाढत होतं, नजर मंद होत होती, आणि ताई रोज संध्याकाळी देव पाण्यात घालून ओट्यावर बसे, तराफ्याचा भोंगा ऐकू येईपर्यंत. सगळ्यांना मोजून स्वतःला तेवढं आकड्यातून वगळणारा हा माणूस घरी सुखरूप यावा एवढीच तिची इच्छा. चूक व्हावी आणि चुकीत कुणी बुडू नये, असं अवघड मागणं ती देवाला घालत होती.

दरम्यान मालक बदलत गेले. कंत्राटदाराचं काम संपलं, त्यानं तराफा विकायला काढला, तेव्हा गावानं सोसायटी करून तो घेतला. वडगावला कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टाकडे कागद करताना कंत्राटदार म्हणाला, हा माणूस घेणार असाल तरच तराफा देतो, नाहीतर चार दिवसांत गाडी पाण्यात घालाल आणि नाव माझं घ्याल. टायपिस्टानं विचारलं, मग हे लिहू का? आणि लिहिलं. लोखंडी तराफा एक, इंजिनं दोन पैकी चालू एक, साखळदंड दोन, नांगर एक, बाकडी सहा, सोबत इसम एक. पुढं तराफा जेव्हा जेव्हा विकला गेला तेव्हा जुन्या कागदावरून नवा कागद उतरवला गेला, आणि दर वेळी शेवटी तो इसम आलाच. आबांना त्याचा केवढा अभिमान. एक झेरॉक्स त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून देवघरात ठेवली होती. "दुसऱ्याची नोकरी तोंडी आसती," ते म्हणत, "मी कागदावर हाये."

सोसायटीचे अकरा संचालक आणि अकराही कप्तान. प्रत्येकाला तराफा आपापल्या शेताला लागायला हवा होता, आणि प्रत्येकाच्या सासुरवाडीला फुकट. सभांना इतकी भांडणं होत की लोक उठून चालते होत आणि निर्णय कसला म्हणून होत नसे. यावर तोड आबांनीच काढली. त्यांनी वार्षिक सभा तराफ्यावर बोलावली आणि तराफा मध्यावर नेऊन इंजिन बंद केलं. सभात्याग करायचा तर पोहता यायला हवं. त्या दुपारी सोसायटीच्या इतिहासातले सगळे ठराव एकमतानं मंजूर झाले, आणि अध्यक्षांना ऊन लागलं. तरीही शेवटी सोसायटी थकली आणि तराफा एका रिसॉर्टवाल्या शेठकडे गेला, अर्थातच सोबत इसम एक. शेठ फुलाफुलांचा शर्ट घालून बोले आणि त्याच्या प्रत्येक वाक्यात सनसेट येई. त्यानं तराफ्याला पांढरा रंग दिला, दिव्यांच्या माळा सोडल्या आणि आबांना कप्तानाची टोपी दिली. आबांनी ती आपल्या गांधीटोपीवर घातली, कारण डोकं उघडं करून दुसरी टोपी घालणं त्यांच्या बुद्धीला पटेना. सकाळी गावाची माणसं आणि गाड्या, संध्याकाळी पाहुण्यांना सूर्यास्त, असा क्रम सुरू झाला. एका संध्याकाळी सूर्य बुडायला लागला आणि तीसच्या तीस पाहुणे फोटोसाठी पश्चिमेच्या कठड्याला जाऊन चिकटले. तराफा कलला. आबा ओरडले, मागं सरा, पण ऐकतो कोण. मग त्यांना युक्ती सुचली आणि ते पूर्वेकडे बोट करून म्हणाले, "त्यो बघा बिबट्या." तीसच्या तीस माणसं पूर्वेच्या कठड्याला धावली आणि तराफा तिकडं कलला, आधीपेक्षा जोरात. इंजिनवाला रफीकभाई नमाज आठवायला लागला. तेवढ्यात आबांनी तिसरी हाक दिली, "मधी गरम भजी ठिवल्यात." तराफा तत्क्षणी सरळ झाला. भजी नव्हती हे कळल्यावर पाहुण्यांनी तक्रार केली, बिबट्या नव्हता याची मात्र कुणी केली नाही.

शेठला या धंद्याचा कंटाळा आला तेव्हा एक पुण्याच्या बाई आल्या. मधल्या वयाच्या, शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. आम्हाला वाटलं आता आबांचं काही खरं नाही. पण या मॅडमनी कागद शेवटपर्यंत वाचला, इसम एक या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, "हे कुठे आहेत?" त्यांनी माणशी एक जाकीट आणलं आणि दर महिन्याला रफीकभाईकडून इंजिन उघडून बघायला सुरुवात केली. आबांना मोजायला म्हणून एक खटका दाबायचं छोटं यंत्रही आणलं. आबांनी त्याला हळदकुंकू वाहून सुकाणूजवळच्या मारुतीच्या तसबिरीला टांगलं आणि मोजणी बोटांनीच चालू ठेवली. जाकीट मात्र ते स्वतः घालत नसत. मॅडम रागावल्या तर म्हणाले, "बाई, ते पॅशिंजरला. मी त्यात अडकलो तर मोजनार कोन?" ताईनं एकदा मॅडमना गाठून हात जोडले, की तुम्ही तरी त्यांना आता घरी बसवा. मॅडम म्हणाल्या, "मी सांगून पाहिलं. ते म्हणतात, अजून चुकलो नाही."

आणि मग दिवाळीनंतरचा तो रविवार आला. आम्ही पाचजण ताईच्या नणंदेकडे निघालो होतो, मी, बायको, दोन मुली आणि आई. माझी गाडी आबांनी आत घातली, शेजारी एक भाजीचा टेंपो आणि शेवटी एक नवीकोरी लाल गाडी. तिच्या बॉनेटवरचा कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं असावं. मालक पिंपरीकडचा एक तरुण, एकटाच आलेला. गाडी आबांनी मागं घेतली तेव्हा तो देवाचं नाव घेत फाळक्याशी उभा होता. मग तो चढला, आबांनी त्याच्या खांद्याला बोट लावलं आणि म्हणाले, "तेवीस." आबा सुकाणूकडे वळले, रफीकभाईनं इंजिन चालू केलं, त्या आवाजात देवाची हाकही ऐकू येत नाही. साखळी खडखडत फाळका वर गेला आणि आम्ही सुटलो. काठावर एक माणूस उड्या मारत आम्हाला दोन्ही हात करत होता. सुट्टीचा दिवस, मजेत दिसला. आम्हीही सगळ्यांनी त्याला हात केले. मी तर टोपी हलवली. माझ्या धाकटीनं तो दिसेनासा होईपर्यंत हात केला.

पल्याड फाळका पडला. आबांनी खांद्याला बोट लावत मोजायला सुरुवात केली आणि बावीसवर बोट हवेत राहिलं. त्यांनी फाळका पुन्हा वर घ्यायला सांगितला, कुणाला उतरू दिलं नाही आणि परत मोजलं. बावीस. तिसऱ्यांदा मोजलं. टेंपोखाली वाकून पाहिलं, लाल गाडीची सगळी दारं उघडून पाहिली. मग ते कठड्याशी आले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. त्यांना पाण्याकडे तसं बघताना पाहून मला खरंच भीती वाटली. कमी होता तो लाल गाडीचा तरुण, पण तो कसा दिसत होता तेही कुणाला धड आठवेना. लाल गाडी, एवढंच प्रत्येकजण म्हणे. "रफीक, फिरव," आबा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "हळू घे. आलो त्याच वाटंनं."

परत निघालो. सगळे दोन्ही कठड्यांना वाटून उभे राहिले, न सांगता, समतोल राखून. आणि मग मी पाहिलं, आई बाकावर नव्हती. ती आबांच्या शेजारी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, डोळे सताड उघडे. "तुम्ही डावीकडे बघा," ती त्यांना म्हणाली, "इकडचं मी बघते." ज्या पाण्याकडे तिनं इतक्या वर्षांत एकदाही नजर टाकली नव्हती ते पाणी ती आता इंच इंच बघत होती, एका अनोळखी पोरासाठी. वीस मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी पाऊण तास लागला. आबांनी मधे एकदाच तोंड उघडलं. "इहीणबाई, त्याच्या घरी काय सांगू?" आई म्हणाली, "आधी बघू तर द्या नीट."

काठ जवळ आला तेव्हा माझी धाकटी म्हणाली, "बाबा, तो हात करणारा माणूस अजून तिथेच आहे." तो तिथेच होता. घसा बसलेला, घामानं निथळलेला आणि हातात मोबाईल. नव्या गाडीचा तराफ्यावर उभी असतानाचा व्हिडिओ हवा, म्हणून चढल्या पावली तो परत काठावर उतरला होता, आणि त्याच वेळी फाळका वर गेला होता. काठावरच्या चहावालीनं आबांना फोनवर फोन केले होते. पण आबांचा फोन पाण्यात पडू नये म्हणून नेहमीप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी जेवणाच्या डब्यात. "अहो, माझी गाडी कुठे नेलीत?" तो पोरगा रागानं काहीतरी आणखी बोलणार होता, पण आबा फाळक्यावरून धडपडत उतरले आणि त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. मग एका खांद्याला बोट लावलं आणि म्हणाले, "तेवीस." आणि तिथंच फाळक्यावर बसून, टोपी तोंडावर धरून रडले. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तो पोरगा एवढा गोंधळला की त्यानंच चहा सांगितला, सगळ्यांना.

आई हळूच त्यांच्याजवळ बसली. "आता तुम्हीही उतरा की," ती म्हणाली. आबांनी टोपी डोक्यावर घातली. "व्हय इहीणबाई. तसंच ठरलंय." मॅडमनी दुसऱ्या दिवशी येऊन खूप समजावलं, की काका, कुणी बुडालं नाही, तराफ्यावर खरंच बावीस होते, तुमची मोजणी चुकली कुठे? आबा म्हणाले, "बाई, मोजलं त्येवढं न्हेलं न्हाई. मंग काय मोजलं?" त्या संध्याकाळी आबांनी मारुतीच्या तसबिरीवरचं ते खटक्याचं यंत्र काढून रफीकभाईच्या हातात दिलं आणि घरी आले. ताई ओट्यावर होती. ती मला सांगत होती, की मामंजी दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, उतरलो," आणि मी आत जाऊन देवापुढे नुसती बसून राहिले. तिचं ते अवघड मागणं जसंच्या तसं पुरं झालं होतं.

आबा आता खुशीत आहेत, हे मला सांगितलं पाहिजे. मला वाटलं होतं हा माणूस खचेल. उलट त्यांना भूक लागायला लागली. ताई म्हणते, पहिला महिनाभर ते दुपारचेही झोपत, जणू एवढ्या वर्षांची उरलेली झोप वसूल करत होते. मॅडमनी पुढच्या उन्हाळ्यात तराफा काठावर ओढला, मागच्या टोकाचा पत्रा कापला, पोटातला फाळका उपटून तिथं नेऊन बसवला. आता गाड्या एका दारानं सरळ शिरतात आणि दुसऱ्या दारानं सरळ निघतात. मागं घ्यायचं कामच राहिलं नाही. नंतर तराफा आणखी एका मालकाकडे गेला, जाकिटांसकट आणि रफीकभाईसकट. त्या कागदाची प्रत मॅडमनी मुद्दाम आबांना पाठवली. आबांनी ती ताईकडून दोनदा वाचून घेतली. तराफा एक, इंजिनं दोन, दोन्ही चालू, साखळदंड, नांगर, बाकडी, जाकिटं. "संपलं?" त्यांनी विचारलं. "संपलं," ताई म्हणाली. "बरं झालं," आबा म्हणाले, आणि जुनी झेरॉक्स देवघरातून काढून तिच्या हातात दिली. ती कुठे ठेवायची ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, म्हणून ताईनं परत तिथंच ठेवली.

त्या रविवारी रफीकभाईनं सुकाणू धरून आम्हाला परत पल्याड नेलं, तेव्हा आईनं डोळे मिटले नाहीत. "पाणी छान असतं हो," ती नंतर येईल त्याला सांगायची, "मी उगाच इतकी वर्षं बघितलं नाही." गेल्या चैत्रात ती गेली, घरच्या घरी, दुपारच्या झोपेत. त्यानंतर परवा आम्ही पहिल्यांदाच ताईकडे गेलो. निघताना अंगणातून गाडी मागं घ्यायची होती. आबा काठी टेकत आले आणि हात पुढे केला. मी मुकाट्यानं चावी दिली. त्यांनी टोपी मागं सारली, मान वळवली आणि गाडी एका दमात फाटकाबाहेर रस्त्यावर आणली. मग उतरले, आम्ही आत बसलो, आणि त्यांनी खिडकीतून बोट आत घालून मोजायला सुरुवात केली. मी, बायको, मोठी, धाकटी. चार झाले तरी बोट पुढं सरकलं, मागच्या सीटवरच्या आईच्या जागेपर्यंत, आणि तिथं थांबलं.

"इहीणबाईंची खेप झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "सुखानं झाली. त्यांची काळजी करू नका आता." मग बोट मागं घेऊन म्हणाले, "चार. पोचल्यावर सांगा."

तळेगावात दारात गाडी लावून मी आधी त्यांना फोन केला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला, म्हणजे फोन डब्यात नव्हता.

"पोचलो आबा."

"किती?"

"चार," मी म्हणालो, आणि पलीकडून तो लांब, ओळखीचा सुस्कारा ऐकू आला.